जुना डॅक आधी बरा करा, नवा वेगळ्या पेटीत बांधा

वाचकाचं पत्र:

"माझ्याकडे १४ वर्षांपूर्वी घेतलेला एक डॅक, म्हणजे डिजिटल संगीताचा अँप्लिफायरसाठी विद्युत सिग्नल करणारी पेटी, आहे. तो सहसा बंद करत नाही, कारण गरम राहिला की चांगला वाजतो असं कोणीतरी सांगितलं होतं. अलीकडे वीज जाऊन आली की पहिली १०-१५ मिनिटं डाव्या स्पीकरमधून बारीक 'घूं' असा आवाज येतो, मग तो विरतो. एकूण आवाजही पूर्वीसारखा मोकळा वाटत नाही. यूएसबीतून ४८ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या) वर काही जात नाही. उघडून पाहिलं तर आत एक ट्रान्सफॉर्मर आहे आणि ऑपअँप (सिग्नल सांभाळणाऱ्या छोट्या अँप्लिफायर चिपा) सॉकेटवर बसवलेले आहेत. एक मित्र म्हणतो, ऑपअँप आणि कपॅसिटर भारीतले टाक, क्लॉक बदल, पेटी नवी होईल. दुसरा म्हणतो, जुन्या चिपवर खर्च कशाला करतोस, नव्या चिपचा बोर्ड आणून स्वतःच बांध. मी याआधी एक हेडफोन अँप्लिफायर किटवरून जोडला आहे आणि तो चालतो. मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. काय करू?"

उत्तर:

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ घूं आवाजाची आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं येतो आणि मग विरतो, असं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या दोन्ही मित्रांनी ती ओळ ऐकून सोडून दिलेली दिसते, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण निदान तिथेच आहे.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतं आणि वर्षानुवर्षं ते हळूहळू आटत जातं. ते आटलं की कपॅसिटरचा आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, तो वाढतो आणि पुरवठ्यातल्या लहरी गिळायची त्याची ताकद जाते. पेटी गार असताना हा रोध सर्वांत जास्त असतो. पेटी तापली की तो उतरतो आणि आवाज दबतो. गार असताना घूं आणि तापल्यावर शांत अशी तक्रार आली, की मी बाकी काही पाहण्याआधी वीजपुरवठ्याचे कपॅसिटर पाहतो. तुमचा डॅक आजारी आहे. आजारी यंत्रात भारी ऑपअँप घालणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुना डॅक मूळ स्थितीला आणा आणि तिथेच थांबा. हात शिवशिवत असतील तर नवा जरूर बांधा, पण वेगळ्या पेटीत, जुन्याचा एकही भाग न काढता. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात. जुना धड राहत नाही, आणि नवा चांगला झाला की वाईट हे ठरवायला हाताशी काही उरत नाही.

पेटी उघडण्याआधी एक चाचणी करा, तिला पाच मिनिटं लागतात. अँप्लिफायर बंद करा आणि डॅकच्या मागच्या डाव्या-उजव्या केबलींची फक्त डॅकच्या टोकाला अदलाबदल करा. मग सगळं गार असताना चालू करा. घूं आवाज आता उजव्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष डॅकमध्ये आहे. तो डावीकडेच राहिला, तर केबल किंवा अँप्लिफायर तपासा, डॅकला हात लावायचं कारणच नाही. त्यानंतर डॅकला फक्त ऑप्टिकल केबल जोडून ऐका. त्या केबलमध्ये धातूची तार नसते, त्यामुळे संगणकाकडून जमिनीच्या तारेवाटे येणारा आवाज तिथे तुटतो. ऑप्टिकलवरही घूं तसाच असेल, तर संगणक निर्दोष आहे.

आवाजाची जात ओळखणंही उपयोगाचं असतं. घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन यंत्रांच्या जमिनीच्या तारांचा वळसा होऊन येणारा, आवाज प्रामुख्याने ५० चा असतो, खोल आणि गोल. एसी विजेची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमागचे कपॅसिटर थकले असतील तर तो दुप्पट, म्हणजे १०० चा, आणि जरा खरखरीत असतो. ६० हर्ट्झच्या प्रदेशात हेच आकडे ६० आणि १२० होतात. दोन्ही सूर संगणकावर हळू वाजवून कानाने ताडून पाहा, फरक सहज कळतो. तुमच्याकडे दुप्पट सूर निघेल असा माझा अंदाज आहे.

आता वीजपुरवठ्यावर मी एवढा भर का देतो, ते सांगतो. डॅक म्हणजे एक गुणाकार आहे. एका बाजूला फाइलमधला आकडा, दुसऱ्या बाजूला चिपला दिलेला संदर्भ व्होल्टेज, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे बाहेर येणारा सिग्नल. आकडा बिनचूक असतो, त्याला वय नसतं. संदर्भ व्होल्टेज मात्र त्याच जुन्या कपॅसिटरांवर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरवर उभा असतो. त्यात थरथर असेल तर ती संगीताच्या प्रत्येक नमुन्याला गुणली जाते. शांततेत ती ऐकूही येत नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. सूर सुरू झाला की मात्र त्याच्याभोवती एक धूसर कड येते. तुम्ही लिहिलेलं 'पूर्वीसारखा मोकळा वाटत नाही' हे मला यातलंच वाटतं. चिप कितीही भारी घेतली तरी हा गुणाकार सुटत नाही, नव्या डॅकमध्येही नाही.

पेटी सतत चालू ठेवण्याबद्दल थोडं कडक बोलतो. कपॅसिटरवर छापलेलं ८५ किंवा १०५ अंश हे त्याचं कमाल तापमान असतं आणि त्या तापमानाला तो किती तास टिकेल ते माहितीपत्रकात दिलेलं असतं, बऱ्याचदा २००० तास. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे ८५ अंशांचा कपॅसिटर ६५ अंशांना चालला तर ८००० तास, वर्षभरही नाही. १०५ अंशांचा त्याच तापमानाला ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास. तेवढ्या तासांनी तो लगेच मरतो असं नाही, पण ठरलेल्या गुणांपासून ढळतो. १४ वर्षांचे तास सव्वा लाखाच्या जवळ जातात. तेव्हा ऐकून झालं की बंद करा. अर्ध्या तासात डॅक हवा तेवढा तापतो, त्यासाठी रात्रंदिवस जळत ठेवायची गरज नाही.

पेटी उघडाल तेव्हा प्लग भिंतीतून काढलेला असू द्या, नुसतं बटण बंद नको. तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर आहे म्हणजे त्याच्या दुय्यम बाजूला थोडे व्होल्टच असतील, हे बरं आहे. पण प्लगपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा भाग थेट घरच्या विजेचा आहे आणि तिथे दुरुस्तीसाठीसुद्धा हात घालू नका. हेच वाचणाऱ्या ज्यांच्या डॅकमध्ये स्विचिंग पुरवठा आहे, त्यांनी तो भाग जाणकारालाच दाखवावा. २३० व्होल्टच्या विजेवर तिथला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टला चढलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची जी सवय असते, ती जीवावर बेतू शकते.

झाकण निघालं की आधी फोटो काढा, वरून आणि दोन्ही बाजूंनी. मग बॅटरीच्या उजेडात कपॅसिटरांचे माथे आडव्या नजरेने पाहा. चांगल्याचा माथा सपाट असतो. थकलेल्याचा मधल्या खाचेपाशी किंचित फुगतो, कधी खाचेतून तपकिरी पापुद्रा दिसतो. उष्णता फेकणाऱ्या पट्टीला चिकटून उभे असलेले आधी जातात, त्यांच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टणही आक्रसून वर सरकलेलं असतं. सगळे सपाट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. आटलेला कपॅसिटर बाहेरून धडधाकट दिसू शकतो आणि साध्या मल्टिमीटरवर त्याची फॅरडही जवळपास बरोबर येते, कारण वाढलेला असतो तो ईएसआर. १४ वर्षं तापलेल्या पेटीत मी पुरवठ्याचे सगळे इलेक्ट्रोलिटिक एकदम बदलतो. 'एका वेळी एकच बदल' हा नियम सुधारणेसाठी ठीक आहे, दुरुस्तीत तो लागू नाही.

बदलताना किंमत न पाहता चार गोष्टी पाहा: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, रेटिंग १०५ अंशांचं, आणि पायांतलं अंतर व जाडी जागेत बसेल अशी. बोर्डावर छापलेल्या वर्तुळाची रंगवलेली अर्धी बाजू बहुधा ऋण असते, पण काही बोर्डांवर नेमकं उलट छापलेलं असतं, म्हणून आधी काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवा. आणखी एका जागी जपायला हवं. काही लो-ड्रॉपआउट रेग्युलेटरना आउटपुटवरच्या कपॅसिटरमध्ये थोडा रोध हवाच असतो. तिथे कौतुकाने जवळजवळ शून्य रोधाचा पॉलिमर कपॅसिटर लावला की रेग्युलेटर स्वतःच डोलायला लागतो. रेग्युलेटरचा नंबर वाचून त्याचं माहितीपत्रक पाहा, त्यात किती रोध चालेल ते दिलेलं असतं.

जुना कपॅसिटर काढणं हे नवा बसवण्यापेक्षा अवघड आहे आणि तुमच्या किटच्या अनुभवात हे आलेलं नसणार. माझ्या हातून एकदा अशीच पेटी बिघडली. जमिनीला जोडलेला पाय निघेना, कारण तांब्याचा अख्खा पत्रा उष्णता पिऊन घेत होता. मी कपॅसिटर हलवत ओढला, तो सुटला, आणि त्याच्या पायाबरोबर छिद्राच्या आतली तांब्याची नळीही बाहेर आली. वरच्या थराचा खालच्या थराशी संबंध तिथेच तुटला. ते सांधायला मला बारीक तार टाकून दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. तेव्हापासून मी आधी त्या जोडावर ताजं शिसंवालं सोल्डर घालतो. ६३-३७ चं मिश्रण १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे, त्यामुळे ताजं सोल्डर मिसळलं की जुना जोड लवकर सैल होतो. मग दोन्ही पाय आळीपाळीने तापवत कपॅसिटर या कुशीवरून त्या कुशीवर अलगद झुकवायचा. ओढायचा कधीच नाही. तो आपण होऊन हातात आला पाहिजे. कुठल्याही मोडक्या बोर्डावरचे वीसेक कपॅसिटर असे काढून पाहा आणि मगच डॅककडे वळा.

पेटी उघडलीच आहे तर डाव्या आउटपुट सॉकेटचे जोडही पाहून घ्या. केबल घालता-काढता तिथे बारीक गोल भेग पडते आणि एकाच बाजूचा आवाज बिघडायचं ते नेहमीचं कारण आहे. ताजं सोल्डर दिलं की काम होतं.

पहिल्या मित्राच्या उरलेल्या सूचनांकडे येतो. ऑपअँप सॉकेटवर आहेत, म्हणजे बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि मोहाचं कारणही तेच आहे. एनई५५३२ हा १९७० च्या दशकाच्या अखेरीला आलेला ऑपअँप अजूनही पेट्यांमध्ये दिसतो, कदाचित तुमच्यातही तोच असेल. त्याची बँडविड्थ सुमारे १० मेगाहर्ट्झ. नव्या लोकप्रिय ऑपअँपांची ५० च्या पुढे जाते, विकृती आणि खरखरही कमी असते, कागदावर ते निश्चित सरस आहेत. पण तुम्ही ऐकता त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांनी मिक्सिंग कन्सोलमध्येच डझनावारी एनई५५३२ मधून प्रवास केलेला आहे. शेवटचा एक बदलून किती फरक पडेल, याचा शांतपणे विचार करा.

आणि वेगवान ऑपअँपला त्याच्या पायांशीच स्वच्छ पुरवठा लागतो. माझ्या एका डॅकमध्ये मी असाच जलद ऑपअँप बसवला होता. काही आठवडे मला आवाज जास्त हवेशीर वाटत होता. एक दिवस झाकण उघडं असताना त्यावर सहज बोट टेकलं आणि चटका बसला. आधीचा नुसता कोमट असायचा. स्कोप लावून पाहिलं तर संगीत बंद असतानाही पडद्यावरची बारीक रेघ फितीसारखी जाड दिसत होती. स्वीप वाढवत गेलो तशी ती फीत उलगडली आणि मेगाहर्ट्झमधल्या सुबक लाटा दिसल्या. ऑपअँप स्वतःच गात होता. पुरवठ्याचा कपॅसिटर त्याच्यापासून चार सेंटिमीटर लांब होता. जुन्या संथ ऑपअँपला ते चालत होतं, नव्याला चाललं नाही. सॉकेटच्या खाली, पुरवठ्याच्या दोन पायांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला आणि लाटा थांबल्या. तो हवेशीरपणाही गेला. तुमच्याकडे स्कोप नाही, म्हणजे असं काही झालं तर ते तुम्हाला दिसणार नाही. त्यामुळे तुम्ही आहे तोच ऑपअँप ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारं घड्याळ, बदलण्याची सूचना तर तुमच्या पेटीत बहुधा वायाच जाईल. ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल इनपुटवर डॅक स्वतःच्या घड्याळावर चालत नाही. येणाऱ्या सिग्नलमध्येच ताल मिसळलेला असतो आणि रिसीव्हर चिप तो वेगळा काढून डॅकला देते. पेटीत येणारे नमुने स्वतःच्या घड्याळावर पुन्हा बसवणारा वेगळा रीसँपलर नसेल तर भारी ऑसिलेटर लावूनही तो कोणी ऐकत नाही. वर तो लांब तारेने जोडला तर वीसेक मेगाहर्ट्झचा ॲंटेनाच पेटीत शिरतो. जिटर, म्हणजे घड्याळाच्या तालातली बारीक चूक, खोटा आहे असं मी म्हणत नाही. २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या सुरावर वेळेत सुमारे २४० पिकोसेकंदांची चूक झाली, की १६ बिटांच्या शेवटच्या पायरीएवढा फरक पडतो. म्हणून डॅक रचतानाच घड्याळ चिपच्या शेजारी बसवतात. नंतर वरून बसवायची ती वस्तू नाही.

यूएसबीची अडचण सोडवायला पेटी उघडावीही लागत नाही. यूएसबीतून घेऊन कोअॅक्सियलवर देणारा छोटा कन्व्हर्टर बाहेर लावा. मात्र तुमचा डॅक कोअॅक्सियलवर किती किलोहर्ट्झ घेतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहून घ्या. तुमच्या संग्रहातलं बहुतेक संगीत ४४.१ किलोहर्ट्झचंच असेल तर हाही खर्च टळतो.

आता नवा बांधण्याबद्दल, आणि याबद्दल मी उत्साहाने लिहितो, कारण स्वतःच्या हाताने बांधलेल्या पेटीतून पहिला सूर निघतो तो क्षण मी विसरलेलो नाही. फक्त दुसऱ्या मित्राचं 'नवी चिप' हे कारण सोडून द्या. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा फिलिप्सने सुरुवातीच्या प्लेयरमध्ये १४ बिटांची टीडीए१५४० चिप वापरली आणि चारपट ओव्हरसँपलिंग (नमुने चौपट करणं) व नॉइज शेपिंगच्या (खरखर कानापलीकडे ढकलण्याच्या) जोरावर तिच्याकडून १६ बिटांच्या तोडीचं काम काढून घेतलं. तेव्हाही चिपपेक्षा तिच्या भोवतीची रचना मोठी होती. आज तर साध्या पीसीएम५१०२ए चिपची डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजापासून तिच्या खरखरीपर्यंतचं अंतर, ११२ डेसिबल आहे आणि १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा ९८ च्या आसपास. सीडीच्या दर्जाचं संगीत ऐकायला चिप कमी पडते हा प्रश्न कधीच मागे पडला.

पहिला डॅक म्हणून मी तुम्हाला हीच चिप सुचवतो. तिला ३.३ व्होल्टचा एकच पुरवठा पुरतो, ऋण व्होल्टेज ती आतल्या चार्ज पंपावर स्वतः तयार करते, वेगळ्या मास्टर क्लॉकशिवायही चालते, आणि आउटपुट थेट व्होल्टेजमध्ये, २.१ व्होल्ट, मिळतं. तुमच्या मित्राच्या मनात असलेली चिप बहुधा पीसीएम१७९४ए च्या जातीची असेल. ती १२७ डेसिबलची आहे खरी, पण व्होल्टेजऐवजी करंट देते. दोन चॅनेलांच्या चार करंटांना व्होल्टेजमध्ये बदलायला चार ऑपअँप, मग त्यांची वजाबाकी करायला आणखी दोन, आणि त्या सगळ्यांना धन-ऋण पुरवठा. वर लिहिलेली थरथरणाऱ्या ऑपअँपची गोष्ट तिथे सहा ठिकाणी घडू शकते. ती दुसऱ्या वर्षी बांधा, तोवर स्कोपही मिळवा.

चिपकडे संगीत आयटूएसवर न्यायचं, म्हणजे बिटांचा ताल, डावं-उजवं सांगणारा ताल आणि माहिती अशा तीन तारा. यूएसबीतून आयटूएस देणारा तयार बोर्ड घ्या, पण त्यावर २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन वेगळे ऑसिलेटर आहेत का ते पाहा. ४४.१ आणि ४८ ही दोन कुळं एकमेकांत सरळ भागत नाहीत, म्हणून दोन घड्याळं लागतात. एकाच घड्याळावर दोन्ही कुळं भागवणारा बोर्ड कुठेतरी तडजोड करत असतो. तारा दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका आणि प्रत्येक सिग्नलच्या तारेशेजारी जमिनीची तार न्या.

वेळ आणि पैसे पुरवठ्यावर घाला, कारण गुणाकार तिथेच आहे. एलटी३०४२ सारख्या रेग्युलेटरची खरखर १ मायक्रोव्होल्टच्याही खाली, ०.८ असते. जुन्या धाटणीचे तीन पायांचे रेग्युलेटर त्याच्या कितीतरी पट जास्त खरखर करतात. मात्र रेग्युलेटर कितीही शांत असला तरी त्याच्यापासून चिपपर्यंत लांब तार गेली की त्याचा उपयोग संपतो. कपॅसिटर चिपच्या पायापासून दोन-चार मिलिमीटरवर हवा आणि खाली जमिनीचा अखंड पत्रा हवा. म्हणून भोकांच्या बोर्डावर तारा ओढत बसू नका, छापील बोर्डच घ्या. घरच्या विजेचा ट्रान्सफॉर्मर पहिल्या पेटीत ठेवूच नका. बाहेरचा, बंद डब्यातला, कमी व्होल्टेजचा तयार पुरवठा वापरा, म्हणजे तुमच्या पेटीत जीवघेणं काही शिरणारच नाही.

चिपचे पाय ०.६५ मिलिमीटरच्या अंतराने असतात. पहिल्यांदा पाहिलं की धडकी भरते, पण भरपूर फ्लक्स लावून टोक पायांवरून सरळ ओढत नेलं की सोल्डर आपापल्या जागी बसतं, आणि दोन पाय चिकटले तर तांब्याची वेणी जादा सोल्डर शोषून घेते. आधी एखाद्या निकामी बोर्डावर हात बसवा.

चिप हातात आल्याशिवाय बोर्ड बनवून घेऊ नका. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमध्ये नोबेओका इथल्या असाही कासेई मायक्रोडिव्हायसेसच्या कारखान्याला आग लागली. त्यांच्या डॅक चिपा मिळेनाशा झाल्या आणि त्या चिपांभोवती पेट्या आखलेल्या अनेक उत्पादकांना रचनाच बदलावी लागली. मोठ्यांची ही गत, तर एकट्याने बांधणाऱ्याचं काय. १९८० च्या दशकातल्या, उत्पादन बंद झालेल्या नावाजलेल्या चिपांच्या मागे तर लागूच नका. त्यांच्या नावाचा छाप मारलेले दुसरेच तुकडे सर्रास विकले जातात.

नवी पेटी वाजू लागली की लगेच खूश होऊ नका, कारण इथे एक सापळा आहे. सीडी प्लेयरच्या काळापासून आउटपुटची पातळी २ व्होल्ट धरली जाते आणि तुमचा जुना डॅक बहुधा तेवढंच देत असेल. नवा २.१ देणार. हा फरक सुमारे ०.४ डेसिबल होतो. एवढ्याशा फरकाला कान 'मोठा आवाज' म्हणत नाही, तो 'चांगला आवाज' म्हणतो. म्हणून दोन्हींवर २०० हर्ट्झचा एकच सूर वाजवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही आउटपुट मोजा आणि संगणकावरून आवाज कमी-जास्त करून दोघांतला फरक एक टक्क्याच्या आत आणा. एक किलोहर्ट्झचा सूर घेऊ नका, स्वस्त मीटर तिथे चुकीचं दाखवतात. मग केबलींची अदलाबदल दुसऱ्या कोणाला तरी करायला लावा. कोणता डॅक लागला आहे ते तुम्हाला कळू न देता निदान दहा वेळा ऐका आणि दर वेळी उत्तर कागदावर लिहा. या परीक्षेला जुना डॅक दुरुस्त आणि अविकृत स्थितीत समोर हवा, म्हणूनच मी सुरुवातीला त्याचा एकही भाग काढू नका असं म्हटलं.

दुरुस्तीनंतर घूं गेला आणि आवाजही खुलला तर कदाचित नवा बांधायची निकड वाटणार नाही. तसं झालं तर घाई करू नका, पण शिकायची इच्छा असेल तर तेवढं कारणही पुरेसं आहे. दुरुस्ती करूनही घूं डाव्या बाजूला तसाच राहिला, तर त्या बाजूच्या ऑपअँपच्या पुरवठ्याचे पाय मोजा. धन आणि ऋण व्होल्टेज आकड्याने जवळपास सारखे यायला हवेत. मग त्याच पायांवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून पाहा, तिथे काही मिलिव्होल्टसुद्धा दिसता कामा नयेत. डाव्या-उजव्या बाजूंचे हे चारही आकडे आणि केबलींच्या अदलाबदलीत घूं कोणत्या बाजूला गेला, एवढं मला लिहून पाठवा. पुढचं आपण त्यावरून ठरवू.